बसलं की दिसतं

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो आणि महिन्याभरातच शेजारच्या दारावर रंगीत पताका लागल्या. शेजारच्या हेंक आजोबांचा वाढदिवस होता. डच वाढदिवस ही शिक्षा आहे असं माझं अजूनही मत आहे. खोलीत खुर्च्यांचं रिंगण करतात, पाहुण्यांना त्यात बसवतात, हातात कॉफी आणि केकचा एक तुकडा देतात, आणि मग माणूस तिथे जो चिकटतो तो संध्याकाळीच सुटतो. शिवाय ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या मुलीचं, जावयाचं, भाच्यांचं, सगळ्यांचं करत फिरावं लागतं. मी आणि माझा नवरा प्रसाद रिंगणात अवघडून बसलो होतो. उत्सवमूर्ती मात्र खुर्च्यांच्या मागून फेऱ्या मारत होते. उंचच उंच म्हातारा, हातात कॉफीचा कप, एकाच्या खांद्यावरून वाकून दोन शब्द बोलायचे की लगेच पुढच्या खुर्चीमागे. त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी होती.

"बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय," प्रसाद पुटपुटला.

ते माझ्यामागे आले तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही बसा ना थोडं."

"बसलं की दिसतं," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

काय दिसतं ते मी विचारलं नाही. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा माणूस, त्याचं इंग्रजी मोडकं, माझं डच शून्य. काहीतरी वेगळंच म्हणायचं असेल, असं समजून मी केक खाल्ला.

पण हेंक खरोखरच बसत नसत. ओट्याशी उभं राहून जेवत, टीव्ही दारात उभं राहून बघत, ट्राममध्ये जागा दिली तर हात हलवून नको म्हणत. केस कापायलासुद्धा बसत नसत. त्यांची मुलगी मारियान दर महिन्याला फोरबर्गहून सायकलवर यायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढायची आणि उभ्या बापाचे केस कापायची. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. मारियानही हसली. "पापांच्या पायांत इंजिन आहे," ती म्हणाली. आमच्याकडे पायाला भिंगरी म्हणतात, मी तिला सांगितलं.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली. परभणीची एम.कॉम. पोरगी, दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसायची. हेंकना ते बघवेना. एके सकाळी दार वाजवून म्हणाले, "कोट घाल." आमच्या इमारतीत सगळ्या घरांची दारं एका लांबलचक उघड्या गॅलरीत उघडतात. त्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत त्यांनी मला डच शिकवलं. जाताना वर्तमानकाळ, येताना भूतकाळ. वारा असा की शब्द तोंडातून निघून थेट डेल्फ्टला पोचावा. मी कुरकुरले की म्हणत, "वाऱ्याशी काय भांडतेस? कोटाची बटणं लाव." नोकरीसाठी नकारावर नकार यायला लागले तेव्हा एकदा मी गॅलरीतच रडले. ते शांतपणे थांबले आणि म्हणाले, "झालं? चल, शेवटच्या दारापर्यंत जाऊन येऊ." त्यांच्याकडे सगळ्या दुःखांवर हा एकच उपाय होता. आज मी इथल्या खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नोकरी करते आणि लोकांशी डचमध्ये भांडते. ती त्यांची कृपा.

त्यांच्या दारातल्या भिंतीवर एक फोटो होता. खाकी कपड्यांतला कोवळा हेंक, मागे नारळाची झाडं, आणि समोर पत्र्याच्या मगातून दूध पिणारं एक सावळं मूल. मारियान प्रत्येक नव्या पाहुण्याला तो फोटो दाखवायची. "पापा तरुणपणी जावाला होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी. दूध वाटायचे, पूल बांधायचे."

पोलीस ॲक्शन म्हटल्यावर माझे कान टवकारले. आम्ही मराठवाड्यातली माणसं. निजामाचं राज्य गेलं ते पोलीस ॲक्शननं, हे ऐकतच मी मोठी झाले. मग समजलं की इथेही एका युद्धाला तेच नाव दिलं होतं. महायुद्ध संपलं, इंडोनेशियानं स्वतःला स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून जाहीर केलं, आणि जुन्या मालकांना, म्हणजे डचांना, ते पटलं नाही. त्यांनी फौज पाठवली. चार वर्षं माणसं मरत होती, पण इकडच्या वर्तमानपत्रांत ती पोलिसी कारवाईच होती.

"पोलीस तोफा घेऊन जातात का?" हेंक एकदाच म्हणाले, आणि फोटोसमोरून चालू लागले.

मग एका हिवाळ्यात टीव्हीवर बातमी आली. त्या युद्धात डच सैन्यानं जी हिंसा केली, तिच्याबद्दल सरकारनं इंडोनेशियाच्या लोकांची माफी मागितली. मी कामावरून आले तर हेंक बिनकोटाचे गॅलरीत येरझारा घालत होते. नेहमीची चाल नव्हती. भिंतीला हात लावत, धापा टाकत चालले होते.

"माझ्या वतीनं माफी मागून मोकळे झाले," ते म्हणाले. "कशाची मागितली? मी तर अजून कुणाला सांगितलंच नाही!"

मी आतून कोट आणून त्यांच्या अंगावर टाकला. मग चालता चालता त्यांनी सांगितलं. अर्धं डच, अर्धं इंग्रजी, पण मला सगळं समजलं. एका गावाजवळ त्यांच्या तुकडीतला एक जण मारला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या गावात शिरले, घरांतून पुरुष बाहेर काढले आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं जमिनीवर बसवले. हात डोक्यावर. त्या दिवशी गावात न्हावी आला होता. त्याच्यासमोरून एकाला तसंच उठवून आणलं होतं. त्याच्या डोक्याची उजवी बाजू कापलेली, डाव्या बाजूला दाट केस. वय असेल हेंकइतकंच. सैनिक ओळीनं समोर उभे राहिले. तो अर्ध्या केसांचा मुलगा हेंकच्या समोर आला.

"तो लाजत होता," हेंक म्हणाले. "केस तसे होते म्हणून. एक हात डोक्यावरून सारखा डावीकडे नेऊन ती बाजू झाकत होता. मग हुकूम आला. आणि मी गोळी झाडली. दूधही वाटलं मी. तेही खरं आहे. पण ते दुसऱ्या गावात."

आम्ही गॅलरीच्या टोकाशी पोचलो होतो. खाली कालव्यात बदकं ओरडत होती. हेंक माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझा हात धरला. "तुझ्याही देशावर परक्यांनी राज्य केलंय. तू मला माफ करशील?"

मला दया यायला हवी होती. मला राग आला. असा आला की हात सोडवून घेतला.

"मी परभणीची आहे, हेंक. जावा मी फक्त नकाशात बघितलाय. माझ्या कातडीचा रंग बघून तुम्ही मला त्याची बहीण करताय? त्याच्या वतीनं माफ करणारी मी कोण?"

 मला माझे आजोबा आठवले. पोलीस ॲक्शनची गोष्ट ते रंगवून सांगायचे: झेंडा कुठे लागला, पेढे कुणी वाटले. पण त्यानंतर पलीकडच्या आळीतली मुसलमान माणसं कुठे गेली, असं विचारलं की पंचा झटकून उठायचे आणि गुरांकडे जायचे. घरात पुन्हा कुणी विचारलं नाही. ते गेले आणि पलीकडची आळी आमच्या घरातून कायमची पुसली गेली.

"मला सांगून काय होणार?" मी जरा मऊ होऊन म्हणाले. "मी शेजारीण. मारियानला सांगा. दर वेळी त्या फोटोखालून जाते ती."

"ती मला टाकेल."

"टाकेलही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

कितीतरी आठवडे ते फक्त चालले. त्यांच्या पावलांचा आवाज आमच्या भिंतीतून यायचा आणि प्रसाद म्हणायचा, "अगं, त्यांना काही झालं तर?" मलाही तीच धास्ती होती. म्हाताऱ्या माणसाच्या जिवामागे मी हे काय लावून दिलं, असं वाटून जेवण गोड लागेना.

वाढदिवस आला. पताका लागल्या, रिंगण झालं, अभिनंदनं झाली. केक वाटून झाला आणि हेंक खुर्च्यांमागून फिरत फिरत आपल्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. आणि बसले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! जावयानं शिट्टी मारली. मारियान हसत म्हणाली, "पापा, म्हातारे झालात अखेर!" मी कप खुर्चीखाली सरकवला. हेंकनी टाळ्या संपू दिल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सगळं सांगितलं. गाव, ओळ, न्हावी, उजवी बाजू, डावी बाजू. एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणी केकचा चमचा खाली ठेवला, त्याचासुद्धा आवाज झाला. ते थांबल्यावर मारियान उठली. तिनं सगळ्यांच्या बश्या गोळा केल्या, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मग ती मागे न बघता निघून गेली. जाताना तिनं फोटोकडेही पाहिलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. हेंक आता बसायचे. गॅलरीत दाराशी खुर्ची टाकून, पायांवर पांघरूण घेऊन.

"आता नाही दिसत?" मी विचारलं.

"दिसतं. आता मी बघतो." मग थोड्या वेळानं, "मारियानचा काही फोन?"

"नाही."

त्यांचे केस कानांवर आले, कॉलरवर आले. मी कापू का म्हटलं तर मान हलवली. प्रसादनं केशकर्तनालयात न्यायची तयारी दाखवली, तेही नको. "लेकीचं काम आहे," म्हणायचे. मी मारियानला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिनं ऐकून घेतलं आणि ठेवला.

उन्हाळा सरता सरता एका शनिवारी तिची सायकल खाली दिसली. मी हेंकना सूप द्यायला म्हणून गेले, तर स्वयंपाकघरात हेंक स्टुलावर बसलेले, गळ्याभोवती टॉवेल, आणि मारियान मागे उभी राहून कात्री चालवत होती. तिची नजर फक्त केसांवर होती. मी सूप ठेवून वळणार, तेवढ्यात कात्री थांबली. तिनं उजवी बाजू संपवली होती. डावीकडे पांढरे केस तसेच लोंबत होते. आपण काय केलंय हे तिला त्याच क्षणी दिसलं असावं. तिनं कात्री ओट्यावर ठेवली आणि बाहेर गेली.

दारातून मला ती दिसत होती. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. वळताना भिंतीला हात लावत होती, अगदी बापासारखी.

मला ते अर्धे केस बघवेनात. मी कात्री उचलली.

"ठेव," हेंक म्हणाले. त्यांनी एक हात डोक्यावर नेला, डावीकडे, आणि तसाच काढून मांडीवर ठेवला. "ती येईल. नाही आली तरी असंच राहू दे."

मी कात्री ठेवली. सूपवर साय धरली. बाहेर पावलं लांब जात होती, जवळ येत होती, पुन्हा लांब. हेंक हलले नाहीत. उभ्या आयुष्यात बसले नसतील एवढे स्थिर बसले होते.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले, झोपेत. पण मला त्यांची आठवण येते ती त्या शनिवारचीच. पावलं दाराशी थांबली. मारियान आत आली, डोळे लाल, हात वाऱ्यानं गारठलेले. तिनं हात टॉवेलला चोळून ऊबदार केले, कात्री घेतली आणि डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मान सरळ ठेवा, पापा," ती म्हणाली.