साक्षीला घरचं माणूस

आत्यानं मृत्युपत्र केलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. मी तेव्हा वसईला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. दिवसभर लोकांची मृत्युपत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी एसटीनं आगाशीच्या अलीकडे, वाडीतल्या घरी परतायचं. असं असून तिनं स्वतःचं मृत्युपत्र गावातल्या निवृत्त मास्तरांकडून हातानं लिहून घेतलं. मला कळू नये म्हणूनच, हे उघड होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

घरात आम्ही दोघीच. आईवडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही, माझं जमलं नाही. बोलणं बेताचंच. ती राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करी आणि त्यातला मोठा वाटा दर नाताळला सिस्टरांच्या अनाथ मुलींच्या आश्रमाला पाठवी. घर आणि वाडीही त्याच मुलींना जाणार, हे ती चारचौघांत सांगे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे हवं होतं की ते देताना तिला माझी आठवण व्हावी.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मास्तर घरी आले. एका साक्षीला शेजारचे बागायतदार होते. आत्यानं सही केली, मग कागदाचा वरचा भाग प्रार्थनेच्या पुस्तकाखाली झाकून तो माझ्यापुढे सरकवला.

"हितं सही कर, बाय. साक्षीला."

मी गारच पडले. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला काही ठेवलं तर ते रद्द होतं, म्हणून साक्षीला परका माणूस घेतात. कितीतरी पक्षकारांना मी स्वतः हे सांगितलं होतं. म्हणजे यात माझ्या नावानं काहीच नाही.

"दुसरं कुणी नाही का?"

"परक्याची सही कशाला गो? तू हायस ना घरात."

मी सही केली. माझ्यासाठी काय ठेवलंस, असं विचारलं असतं तर हावरी दिसले असते. मनातल्या मनात कुढत बसणं मात्र मला छान जमे.

त्यानंतर रविवारी मी गोखिवऱ्याला नव्या चाळींत भाड्याच्या खोल्या बघत हिंडू लागले. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगे. मैत्रीण कसली! एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. दमून परत येई तेव्हा आत्या माझं ताट झाकून ओट्यावर बसलेली असे. कुठे होतीस, असं तिनं कधी विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात तिनं पश्चिमेच्या खोलीला वाडीच्या बाजूनं वेगळं दार पाडलं, आत स्वयंपाकासाठी कट्टा बांधून घेतला. भिंती रंगवायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली.

"रंग कुठला देऊ गो?"

आश्रमाच्या राखणदाराची सोय चालली आहे, असंच मी धरून चालले होते. "कुठलाही दे," मी म्हटलं, "मला काय त्याचं?" ती जराशी दारातच उभी राहिली. मग तिनं पांढरा चुना लावून घेतला.

काही वर्षांनी आत्या गेली. मास्तरांनी मृत्युपत्र आमच्या वकिलांकडे आणून दिलं. वकिलांनी ते वाचून दाखवलं. सगळं आश्रमाला. "फक्त पश्चिमेची खोली, तिला पाडायचं वेगळं दार आणि विहिरीचं पाणी माझ्या भाचीला. तिला कुणी ऊठ म्हणू नये." पुढे वकिलांची नजर खाली माझ्या साक्षीच्या सहीवर गेली आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. साक्षीदाराला ठेवलेलं रद्द, हे कलम मला पाठ होतं.

मास्तर बिचारे कावरेबावरे झाले. "मी तिला म्हटलं होतं, दुसरं कुणी बघू," ते म्हणाले. "तर म्हणाली, लग्नात चर्चच्या पुस्तकात सही करायला आपण आपलंच माणूस घेतो ना? मग हेही तसंच."

आमच्याकडे लग्नाची साक्ष हा मान असतो, जिवाभावाच्या माणसालाच देतात. मला तो कुणाच्या लग्नात मिळाला नव्हता. आत्यानं दिला होता, आणि मी रुसून बसले होते. वकिलांसमोरच मला रडू कोसळलं.

सिस्टर भल्या होत्या. "राहा हो तुम्ही, आम्ही का उठवणार आहोत?" म्हणाल्या. पण संस्थेचा कारभार, कागद हवाच. संस्थेच्या परवानगीनं राहते, असं लिहून द्यावं लागलं. दिलं.

मुली दिवसभर वाडीत गलका करीत. संध्याकाळी त्या गेल्या की मी वेगळं दार लावून पांढऱ्या भिंतींकडे बघत बसे. मला फिकट हिरवा आवडतो. ते सांगायला आता घरात कुणी नव्हतं.