बारसमोर अडकलेला ठिपका

अपडेट मी मागितलं नव्हतं. रात्री फोन चार्जरला लावून झोपले. सकाळी पाहते तर चिन्हांचे कोपरे गोल झालेले, घड्याळाचे आकडे जाड झालेले आणि वर आभार मानणारा एक संदेश. कशाचे आभार, कोण जाणे. त्या दिवशी नांदुऱ्यात दुपारचा डबा खाऊन हात धुईपर्यंत बॅटरी लाल झाली होती. आदल्या दिवसापर्यंत हाच फोन संध्याकाळी घरी येऊनही गाणी ऐकवण्याइतका शाबूत असायचा.

दुसऱ्या कुणाला ही किरकोळ कटकट वाटेल. माझं नांदुऱ्याला जाणं त्या बॅटरीवर उभं होतं, म्हणून आधी ते सांगते.

मी सोनाळ्याची. नांदुऱ्यात एका खताच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या संघटनेचं काम चालतं. पत्रकं लिहायची, छापून आणायची, बसस्थानकात, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी वाटायची. तेव्हा आमची मागणी होती बसस्थानकावर बायकांसाठी धड मुतारी. दार असलेली, दाराला कडी असलेली, नळाला पाणी असलेली. एवढं मागायलासुद्धा पत्रक काढावं लागतं, ही लाज आमची नाही.

घरी हे काम कुणालाच पसंत नव्हतं. घरात शब्द चालतो मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. त्यांनी मला जाऊ दिलं ते एका अटीवर. त्यांच्या फोनवरच्या नकाशात माझा ठिपका दिवसभर दिसला पाहिजे.

"ठिपका चालू तं तू चालू," ते म्हणाले होते. "ज्या दिवशी बंद, त्या दिवसापासून तुह्यं नांदुरं बंद."

मी हो म्हटलं. दुसरा रस्ता नव्हता. पत्रकात मी बायकांच्या पायातल्या बेड्यांवर लिहायचे आणि रात्री घरी येऊन स्वतःच्या बेडीला चार्जर लावायचे.

मोठ्या बाबांच्या मुलाकडेही अगदी असाच फोन आहे. त्यालाही तेच अपडेट आलं, त्याचाही फोन दुपारीच मान टाकायला लागला. चार-चार तास बंद असायचा. 'कुठी होता बे' असंही कुणी विचारलं नाही. त्याचा फोन मेला की बॅटरी गेली. माझा मेला की अब्रू गेली.

मी नांदुऱ्यातल्या एका मोबाईलवाल्याकडे गेले. त्यानं फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ताई, अपडेट झाल्यावर चार दिवस असं होतेच. आतमंधी फोन आपलं सामान लावून राह्यला असते."

"चार दिवस कधीच होऊन गेले."

"मंग उजेड कमी करा." त्यानं उजेड इतका कमी केला की उन्हात मला स्वतःचा चेहरा दिसे, पडद्यावरचं काही दिसेना. मग नेटवर्क फाईव्ह-जीवरून फोर-जीवर आणलं. "तुमच्या गावाकडं टॉवर आहे कुठी? फोन बिचारा दिवसभर शोधून शोधून दमते." हे मात्र खरं निघालं, त्यानं अर्धा-पाऊण तास वाढला. तेवढ्यानं भागत नाही म्हटल्यावर त्यानं काचेच्या कपाटाकडे हात केला. "हा घ्या नवा."

"हा दीड वर्षाचाच तर आहे."

"फोनचं म्हातारपणच होय ते, ताई."

त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बैल दीड वर्षात बसला असता तर विकणाऱ्याला आमच्या गावात पाय ठेवू दिला नसता. फोनवाल्या कंपनीला मात्र आपण विचारत नाही. रात्री आपण झोपलो असताना ती घरात शिरते, सामान इकडचं तिकडे करते, आणि वरून आभार मानून जाते.

मग तो दिवस आला.

संध्याकाळची एसटी पूर्णेचा पूल ओलांडून पुढे आली आणि मागचं चाक बसलं. सगळे खाली उतरलो. समोर एक बार, पाटीवर 'फॅमिली रूमची सोय'. बाकी दोन्ही बाजूंनी कपाशी. फोन पर्समध्ये एकदा थरथरला आणि बंद पडला. अट आठवली. शेजारी बसलेल्या बाईंचा फोन मागून मी मोठ्या बाबांना लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

"अनोळखी नंबर आहे ना माय," त्या म्हणाल्या. "माणसं भेतात आजकाल. कोणी फसवते, पैसे जाते."

वडिलांचा लावला तर ते संत्र्याच्या बगीच्यात, तिथे रेंजच नाही. चाक बदललं, गाडी निघाली. घरी पोचले, हातपाय धुतले, चहाचा कप तोंडाला लावला, तर माय चुलीपासून उठून माझ्याकडे बघत राहिली.

"तुले आणाले गेलते ना ते?"

"कोण? कुठी?"

"मोठे बाबा. तू बारमंधी होती म्हणे."

पुढचं मला कळलं ते त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलेल्या शेजाऱ्याकडून. तो ते सगळ्या गावाला सांगत होता, त्यामुळे मलाही ऐकायला मिळालं. माझा ठिपका बराच वेळ बारसमोर हलेना, म्हणून मोठे बाबा निघाले. वाटेत माझी एसटी त्यांच्या बाजूनं गेली असणार, पण त्यांचं लक्ष नकाशाकडे. बारपाशी गाडी उभी केली, दोन बोटांनी नकाशा मोठा केला. ठिपका तिथेच. मग आत गेले आणि फॅमिली रूमचे पडदे उचलायला लागले. पहिल्या पडद्यामागे दोन ट्रॅक्टरवाले अंडाकरी खात होते. दुसऱ्यामागे आमच्याच तालुक्यातला एक ओळखीचा माणूस निघाला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "रामराम भाऊ, या, बसा." तिसरी खोली रिकामी.

"काका, काय घेता?" वेटरनं विचारलं.

"पोरगी कुठी आहे?"

"इथी कोणतीच पोरगी नाही."

मोठ्या बाबांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "मंग हे काय होय?"

ते परत आले तेव्हा मी ओसरीतच होते. मला समोर धडधाकट बघून त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्यांचा चेहरा आणखी काळा पडला.

"कुठी होती?"

"एसटीत. चाक बसलं होतं. फोन मेला तिथीच ठिपका थांबला, मी थोडीच थांबली."

"नकाशा कायले खोटं बोलन?"

"तुमचा फोन पाहा. दोनदा कोणाचा नंबर आला?"

त्यांनी पाहिलं. "तो अनोळखी होता."

"उचलला असता तं आवाज ओळखीचा होता."

"जास्त बोलून राह्यली तू," ते म्हणाले. "उद्यापासून घरी."

वडील खाटेच्या कडेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलण्याला समजूतदारपणा म्हणतात. मी त्याला दुसरं नाव ठेवलं आहे, ते इथे लिहीत नाही.

मी घरी बसले. तिकडे माझ्या वाटणीची पत्रकं खोलीत गठ्ठ्यानं पडून, आणि इथे मी बोंडातला कापूस सोलत. रागानं माणसाला वेळ भरपूर मिळतो. एका दुपारी मी फोनच्या सेटिंगमध्ये शिरले आणि कोणतं ॲप किती बॅटरी खातं ते उघडलं. इतके दिवस उजेड, टॉवर, म्हातारपण असं काय काय ऐकलं होतं, आणि उत्तर पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. नकाशा. बाकी सगळी ॲप्स मिळून त्याच्या आसपासही नव्हती.

मग एकेक उलगडत गेलं. पूर्वी मागच्या मागे चालणाऱ्या ॲप्सवर फोन लगाम ठेवायचा. अपडेटनं तो काढला. मोठ्या बाबांच्या मुलाच्या फोनात त्याचे खेळ मोकाट सुटले, माझ्यात नकाशा. त्यात तिकडून कुणी माझा ठिपका उघडून पाहिला की फोन नव्यानं माझी जागा हुडकायला लागायचा. आणि तिकडून तर सारखंच पाहणं चालू होतं. बगीच्यात, देवळात, पारावर, जेवताना. माझी बॅटरी मोठे बाबा खात होते. मोबाईलवाला मला नवा फोन विकत होता, कंपनी आभार मानत होती, आणि खाणारा आमच्याच ओसरीत, समोरच्या खुर्चीवर बसलेला.

मी ते त्यांना दाखवायला गेले ते चार माणसं बसलेली असताना. मुद्दामच. एकटीनं सांगितलेलं घरात मुरतं, हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

"हे पाहा. तुम्ही पाहता म्हणून फोन मरते."

त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचलं, चष्मा खाली आणला. "मंग? ते बंद केलं तं तू कुठी आहे हे मले कसं कळन?"

"फोन लावा. संध्याकाळपर्यंत चालू राहीन."

"अन् नाही केलं बंद तं?"

"तं दुपारी मरन. जिथी मरन तिथी ठिपका बसन. त्या दिवशी बार होता. पुढच्या वेळी काय राहीन मले काय माहीत? तुम्हालेच पडदे उचलत फिरा लागन."

बसलेल्यांपैकी एकानं तंबाखूची पिंक टाकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. गावानं ती गोष्ट तोवर चघळून चघळून गोड केली होती. पारावर कुणी विचारायचं, "भाऊ, माळ काढली काय?" दुसरा म्हणायचा, "काढून कायले, खिशात ठेवली असन. फॅमिली रूम कशी आहे पण, भाऊ?" हरिपाठाला रोज पुढच्या रांगेत बसणारे मोठे बाबा त्या दिवसांत मागे, खांबाच्या आडोशाला बसत.

मला त्यांची दया आली नाही. मी बारमध्ये असल्याची शंका गावात पसरली तेव्हा ती माझी अब्रू होती आणि तिची शिक्षा मला होती. ते बारमध्ये गेल्याची चेष्टा सुरू झाली तेव्हा मात्र अचानक सगळ्यांना कळलं की ठिपक्यावर काय विश्वास ठेवायचा.

"जाय," ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे न बघता. "पण दुपारी फोन करजो."

"तुम्ही करा. काळजी तुम्हाले आहे."

 मी तिथेच, त्यांच्या देखत, ठिपका बंद केला, नकाशाला पुन्हा लगाम घातला. त्यांना माझं पटलं असं कुणी म्हणू नये. त्यांना फक्त त्या पडद्यांची धास्ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा उचलून मी नांदुऱ्याच्या बसस्थानकात उभी होते. दुपार टळली तरी फोन अर्ध्याच्या वर भरलेला. उजेडही मी पुन्हा वाढवून घेतला, उन्हात वाचता येईल इतका. आवाज पूर्ण मोठा ठेवून फोन पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवला. वाजला नाही. त्यानंतरही दुपारी तो घरून कधी वाजलेला नाही. मी कुठे आहे याची घटकेघटकेला खबर हवी असणाऱ्या माणसांना मी जेवले का, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

मोठ्या बाबांचाही फोन आता टिकतो. दिवसभर नकाशा उघडा नसतो, टिकणारच. परवा पारावर ते सांगत होते, मी बाजूनं जाताना ऐकलं.

"आधी लवकर उतरे. आता दोन-दोन दिवस चालते. कंपनीनं सुधारलं असन काहीतरी."

मी थांबले नाही. मला एसटी गाठायची होती.