गोळी आणि नैवेद्याची वाटी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे धार काढायला बसले होते आणि धाकटी म्हैस पान्हा सोडायला तयार नव्हती. थोरलीची धार काढून झाली होती. धाकटीच्या कासेवर गरम पाणी मारलं, पेंड पुढ्यात ठेवली, तरी ती ढिम्म. एरवी मी तिला दोन शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी तिच्या पोटाला कपाळ टेकवून नुसती बसून राहिले. गेली दोन वर्षं मी अशी मिळेल तिथं टेकते. थायरॉईडचं निदान झाल्यापासून गोळी चालू होती, तिचा डोस तीनदा वाढला, पण थकवा होता तिथंच होता. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, साध्या गारव्यातही अंगावर दोन स्वेटर. रविवारी हुपरीचं गिऱ्हाईक दोन्ही म्हशी बघायला येणार होतं. माझ्याच्यानं आता होत नव्हतं.

पण थकव्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शेवटचा रिपोर्ट बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढ्या डोसावर हा आकडा असा राहत नाही. तुम्ही गोळ्या चुकवताय." मी सांगितलं, एकही दिवस चुकवलेली नाही, रोज पहाटे उपाशीपोटी घेते. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. खरंच चुकवत नसाल तर डोक्याचा स्कॅन करावा लागेल म्हणाले. घरी ह्यांनीही गोळ्यांची पाकिटं उजेडात धरून बघितली. "इसरत असशील गं. इसरणं बी त्या दुखण्यातच येतंय म्हणं." सव्वीस वर्षांच्या संसारात मी गॅस बंद करायला एकदा विसरलेले नाही. मी ठरवलं, शहरात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यांनीही हेच सांगितलं तर म्हशी विकायच्या आणि गप्प बसायचं.

देवीवरही माझा राग होता. लिहायला बरं वाटत नाही, पण होता. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे पहिल्या धारेचं दूध गाळून वाटीभर अंबाबाईच्या टाकासमोर ठेवतात आणि मग ती वाटी घरची बाई पिते. गोळी सुरू झाली तेव्हा मी घाबरले होते. औषध देवीच्याच हातून पोटात जावं, म्हणून त्या वाटीबरोबर गोळी घ्यायला लागले. दोन वर्षं हे रोज केलं, तू काय केलंस, असं मी देव्हाऱ्यापुढं उभी राहून, हात न जोडता विचारलेलं आहे.

त्या मंगळवारी धाकटीनं पान्हा सोडेपर्यंत उजाडलं. कोल्हापूरची बस चुकणार होती. नैवेद्य कसाबसा दाखवला, वाटी तोंडाला लावायलाही वेळ नव्हता. ते दूध फिरकीच्या छोट्या डब्यात ओतलं, गोळी पर्समध्ये टाकली आणि पळाले. नव्या डॉक्टरांची वेळ दहाची होती. त्याआधी ओटी भरायची होती, कारण कितीही राग असला तरी कोल्हापुरात येऊन अंबाबाईला न भेटता परत जाणं मला जमत नाही.

महाद्वारासमोर ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईकडून नारळ आणि खण घेतला. बाई साठीची, आवाज बाजारभर जाणारा. तिच्याच बाकड्यावर टेकले, डबा उघडला आणि गोळी तोंडात टाकणार तेवढ्यात ती ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"अवो वैनी! थायराडची हाय न्हवं ती?"

"होय."

"आणि दुधासंगं घेताय व्हय? वायाच घालवायची असली तर माज्या परडीत टाका की!"

मी म्हटलं, "हे दूध नाही, नैवेद्य आहे."

"नैवेद्य तुमाला आणि मला. गोळीला काय कळतंय? तिला दूध ते दूधच." तिनं माझ्या हातातला डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली. "मी बी वरीसभर चहासंगं घेत हुतो. डॉक्टरनं अशी झाडली म्हंतासा! पाणी प्या आणि तासभर तोंड मिटून बसा. देवी कुटं पळून चालली न्हाय."

गोळी पाण्याबरोबर घेतली आणि रांगेत उभी राहिले. अंगात ताकद नव्हती, पण डोकं चालू होतं. दोन वर्षांत त्या वाटीला मी मनात कधी दूध म्हटलंच नव्हतं. डॉक्टरांनी दहा वेळा विचारलं असतं तरी मी उपाशीपोटीच सांगितलं असतं, आणि खोटं बोलते आहे असं मला वाटलंही नसतं. गाभाऱ्यासमोर आले तेव्हा काहीच मागितलं नाही. ओटी दिली, हात जोडले आणि बाहेर आले.

नव्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "काकू, गोळी कशाबरोबर घेता?" मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत, तेवढ्यानंच मला बरं वाटलं. म्हणाल्या, दुधामुळं गोळी अंगात पुरती उतरत नाही. एवढंच कारण असेल, किंवा आणखीही काही निघेल, आत्ताच सांगता येत नाही. गोळी आता नीट लागू पडेल म्हणून त्यांनी डोस उलट कमी केला. छातीत धडधडलं तर लगेच या, नाहीतर दीड महिन्यानं रक्त तपासू, स्कॅनचं तेव्हा बघू. "गोळ्या चुकवत नव्हता तुम्ही," एवढं मात्र त्या आपणहून म्हणाल्या. मी खिडकीकडे बघत बसले. डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता.

परत जाताना ओटीवाल्या बाईकडे डबा घ्यायला गेले. तिनं मला ओळखलं नाही. "कोण ओ पावणं तुमी?" सांगितल्यावर तिनं धुतलेला डबा काढून दिला. "तुमच्या नैवेद्याचा चहा झाला बगा. झ्याक झालता." मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "माजं काय मानताय? मी वरडायचंच काम करतो." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला लागली.

म्हशीनं पान्हा चोरला नसता तर गोळी घरीच गेली असती आणि कुणी बघितलं नसतं. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला एवढंच कळलं, की मी दुखणं देवीवर सोपवलं म्हणत होते, पण बरं कसं करायचं हेही तिला मीच शिकवत होते. तिला जे सांगायचं होतं ते तिनं दाराशी बसलेल्या बाईच्या तोंडून, माझ्यासारखीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रक्त अजून तपासायचं आहे. काय येईल ते येवो. माझं ऐकून घेतलं गेलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बुधवारी पहाटे उठल्याबरोबर नवी गोळी साध्या पाण्याबरोबर घेतली आणि धारेला बसले. धाकटीनं त्याही दिवशी वेळ लावला, मी लावू दिला. नैवेद्य दाखवून झाल्यावर वाटी ह्यांच्या पुढं केली. "मी? ही तर घरच्या बाईची असती की," हे म्हणाले. "आजपासून घरच्या बाप्याची," मी म्हटलं. ते प्यायला लागले तेव्हा मी हुपरीला फोन लावला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की रविवारी येऊ नका, म्हशी विकायच्या नाहीत.