ओवाळलेला तुकडा

तिसगावात गोधड्या शिवणारी मुबारकबी तोंडानं कडक, पण लेकरावर हात उगारायची नाही. लढाईच्या दिवसांत तिच्या मुमताजनं शाळेत थाप मारली, “पलटणीतली समदी परत आली, माझे अब्बा बी आले!” ज्यांचे बाप पलटणीत होते ती पोरं वर्ग सोडून घरी पळाली. मास्तरांनी मुबारकबीला बोलावलं आणि छडी काढली.

मुबारकबी म्हणाली, “मारलं की सुटंल ती. खोटं होतं म्हणून घरोघर जाऊन तिलाच सांगू द्या.”

शेवटचं घर साळूबाईचं. पलटणीतून येणाऱ्या नवऱ्यावरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती उंबऱ्यात उभी होती.

“मी खोटं बोलले,” मुमताज म्हणाली.

साळूबाईनं एकदा रस्त्याकडं बघितलं. मग तिनं तो तुकडा मुमताजवरूनच ओवाळून टाकला.

“जेवून जा पोरी. भाकरी केलीच हाय.”