डॉक्टरांची गाडी आणि बडनेऱ्याचा काटा

सुरुवातीलाच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आज हे लिहितानाही "आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली आणि आमच्या घरातून देव गेले. देवांच्या मागोमाग भुतंही गेली, असं आमचे बाबा हसून म्हणायचे. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... सगळं एका दिवसात बंद. या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचतो आणि बहुतेकांत कुठे पाणी मारलंय ते मनातल्या मनात शोधतो. तीच माझी नोकरी होती.

म्हणजे असं. मी बडनेऱ्याला एका जिनिंग कारखान्यात काटेवाला होतो. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या. भरलेली बंडी काट्याच्या फळीवर चढवायची, दांडीवर वजन घ्यायचं, कापूस उतरवून रिकामी बंडी पुन्हा चढवायची आणि वजाबाकी करायची. सोपं काम. पण माणसं सोपी नसतात! कोणी कापसावर रात्रीच पाणी शिंपडून आणायचा, कोणी तळाशी धोंडा ठेवायचा, कोणी बोलता बोलता हळूच एक पाय फळीवर टेकवायचा. पंधरा वर्षं हे पकडण्यात गेली. त्यामुळे माणूस समोर आला की आधी त्याचे पाय पाहायचे, ही सवय मला लागली ती लागलीच.

या सवयीचा भुर्दंड माझ्या बहिणीनं भरला. सुमन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, अमरावतीला शाळेत मास्तरीण. बाबा गेल्यावर तिचं लग्न माझ्याकडे आलं. परतवाड्याचं एक स्थळ मी मोडलं, कारण मुलगा शेती सांगत होता आणि शेती चुलत्याची निघाली. नांदगाव खंडेश्वरचं मोडलं, कारण मुलगा खोकला दाबून बोलत होता असं मला वाटलं. तिसऱ्यात तर काय खोट होती ते आता मलाही आठवत नाही. सुमन सत्तावीस वर्षांची झाली. त्या काळी म्हणजे फार.

मग बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास अकोल्याच्या डॉक्टरांचं स्थळ आलं. आपल्याच समाजातले, शिकून वर आलेले, वय चौतीस. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. ते सुमनला पाहायला आले, दोघं अर्धा तास बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुमननं मला आडून नव्हे, समोर येऊन सांगितलं, "दादा, मले हे पसंत आहे. या बारी तुहा काटा घरी ठेव."

मी म्हटलं, "ठेवला."

डॉक्टरांचं अमरावतीत दोन दिवसांचं सरकारी शिबिर होतं. ते म्हणाले, "भाऊ, उद्या रविवार आहे. माझी गाडी घेऊन जा, घर पाहा, आईला भेटा. तुमच्या बहिणीनंही यावं, राहायचं तिला आहे." मुलीनं लग्नाआधी घर पाहायला जायचं ही रीत आमच्यात नव्हती. मला ते आवडलं. पण लगेच दुसरा विचार आला — कालच्या ओळखीवर कोणी गाडी देतं का? देणारा एक तर भोळा असतो, नाही तर त्याला काहीतरी खपवायचं असतं.

गाडी मात्र काय होती! कंपनीचं नाव घेत नाही, त्या बिचारीचा काही दोष नव्हता. विलायती, आकारानं छोटी, पण थाट मोठ्या साहेबाचा. आत लाल चामड्याच्या सीटा, समोर चकचकीत लाकडाची पट्टी, त्यात गोल घड्याळ. मी जिनिंगची लॉरी चालवायला शिकलो होतो, लायसन होतं, पण अशी गाडी हातात कधी आली नव्हती. सकाळी आठला निघालो तेव्हा आमची अमरावतीची अख्खी गल्ली बाहेर आली होती, आणि खोटं कशाला बोलू, मी विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला.

ही फुशारकी बडनेऱ्यापर्यंतही टिकली नाही. गाडी पळेचना! इंजिन झकास वाजत होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते, पण ताशी पंधरा-सोळा मैलांच्या वर काटा चढेल तर शपथ. मी ॲक्सिलरेटर तळाला दाबून बसलेलो आणि एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, वर घंटी वाजवून गेला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

मूर्तिजापूरच्या अलीकडे उतरून मी चारही चाकं हातानं चाचपली. ब्रेक धरून राहिला तर चाक तापतं. चाकं गार. पेट्रोलचा वास घेतला, ठीक. मग लक्षात आलं, गाडीची मागची डावी बाजू बसली होती. सुमन मागे उजवीकडे, माझ्या पाठीशी बसली होती. डावीकडे कोणीच नव्हतं.

"तिकडून अंग चोरून काऊन बसली?" मी विचारलं. "एवढी मोठी सीट रिकामी आहे."

"अशीच," ती म्हणाली.

स्प्रिंग गेली असणार, मी ठरवलं. आणि डॉक्टरांनी ते सांगितलं नाही. पहिली खूण.

अकोल्याला पोचायला बारा वाजून गेले. मोर्णा नदीच्या अलीकडे घर, लहानसं, पण स्वच्छ. वचन दिलं होतं तरी मी विहिरीचं पाणी चाखलं, शेजाऱ्याशी गप्पांच्या निमित्तानं चौकशी केली, कौलं मोजल्यासारखी पाहिली. कुठंच खोट निघेना. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका सडपातळ बाईचा फोटो होता. डॉक्टरांची आई म्हणाली, "ते माही पहिली सून. लय जीवाची होती, बाबू. बाळंतपणात गेली. पोट्टंही गेलं." सुमन त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि मला आतून सुमनचं हसणं ऐकू आलं. घरी ती अशी हसत नसे. मला बरं वाटलं आणि त्याचीही जरा भीती वाटली.

अडीचला निघालो. परतीलाही तोच प्रकार, तीच रडतराव गाडी. आणि आता माझ्या डोक्यात नवा किडा वळवळायला लागला. स्प्रिंग गेली तर गाडी झुकेल, पण हळू का चालेल? ओझं असल्याशिवाय गाडी अशी चालत नाही. तेव्हा सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. भावी मेहुणा आपल्या गाडीत काहीतरी दडवून आपल्याच हातून इकडून तिकडे नेतोय की काय? परक्याला गाडी का दिली, याचं उत्तर मला एकदम सापडल्यासारखं झालं.

बडनेऱ्याला पोचलो तेव्हा सहा वाजले होते, उन्हं अजून होती. सुटीमुळे जिनिंग बंद, पण काटाघराची किल्ली माझ्याजवळच असायची. मी गाडी सरळ फळीवर चढवली.

"आता हे काय?" सुमन म्हणाली.

"बसून राय. गाडीत काही बिघाड आहे का पायतो."

गाडीच्या कागदांवर तिचं रिकामं वजन होतं. आमच्याकडे नवे किलो नुकतेच आले होते, पण हिशेब मला पाठ होता — सातशे सत्तर. सुमनचं वजन सेहेचाळीस, महिन्यापूर्वीच गमतीत केलं होतं. बेरीज आठशे सोळा. मी उतरून दांडीवरचं वजन सरकवत गेलो. आठशे सोळाला दांडी हललीच नाही. आठशे बासष्टला तोलली.

सेहेचाळीस किलो जास्त! सापडला, मी मनात म्हटलं. सुमनला उतरायला सांगितलं, म्हणजे सीट उचलून खाली पाहता येईल.

सुमन उतरली आणि दांडी धाडकन पडली. मी वजन मागे सरकवलं... आठशे सोळा नाही, आठशे नाही... सातशे सत्तर. कागदावर होतं तेवढंच. गाडी साफ रिकामी. एक माणूस उतरलं आणि दोन माणसांचं वजन गेलं होतं.

फळीला कोणी पाय लावला होता का? मी गाडीभोवती फेरी मारली. कोणी नाही. सुमनला एकटीला फळीवर गाडीशेजारी उभं केलं, सेहेचाळीसच वाढले. मी स्वतः गाडीत बसून तिला दांडी वाचायला लावली, माझं वजन बरोबर एकसष्ट भरलं. मग मी उतरलो, सुमनला पुन्हा तिच्या जागी बसवलं. आठशे बासष्ट. चार वेळा केलं. बंडीचा काटा दोन-चार किलो इकडेतिकडे दाखवतो, सेहेचाळीस दाखवत नाही. आणि सेहेचाळीस किलोनं मोटारीची बैलगाडी होत नाही, हेही मला कळतं. मी नऊ टनाची लॉरी चालवली आहे.

सीटखाली काही नव्हतं. डिकीत स्टेपनी आणि जॅक. सीटच्या डाव्या बाजूचं लाल चामडं मात्र खाली दबलेलं होतं. मी त्यावर हात ठेवू शकलो नाही, खरं सांगतो, हिंमत झाली नाही.

"किती भरलं?" सुमननं विचारलं.

"बराबर भरलं," मी म्हटलं.

तिला घरी उतरवलं आणि गाडी ठेवायला एकटाच डॉक्टरांच्या मुक्कामी निघालो. तेव्हा ती गाडी अशी सुटली म्हणता! पायाचा नुसता स्पर्श, आणि चाळीस, पंचेचाळीस. ज्या स्पीडची दिवसभर वाट पाहिली तो मिळाला आणि मी पाय उचलून घेतला.

डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. मी किल्ली दिली आणि आडवळण न घेता विचारलं, "तुमची मंडळी याच गाडीत गेली का?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "नाही भाऊ. ती असताना माझ्याजवळ सायकल होती. गाडी तिच्यानंतर घेतली. ती या गाडीत कधी बसलीच नाही. का?"

"सहज," मी म्हटलं. खोटं बोलतोय का, म्हणून त्यांचे पाय पाहिले. पाय स्थिर होते.

आठ दिवस मी झोपलो नाही. सुमनला सांगू? ज्या घरानं भुतं टाकून दिली, त्या घरात कुठल्या तोंडानं सांगू? न सांगता लग्न लावून देऊ आणि उद्या काही झालं तर? शेवटी मी माझ्या नेहमीच्या वाटेनं गेलो. अकोल्याला पत्र टाकलं की वयाचं अंतर जास्त वाटतं. सुमनला म्हटलं, "ते काही जमत नाही."

"काऊन?"

"घर बराबर नाई वाटलं मले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि शाळेत गेली. त्यानंतर एक-दोन स्थळं आली. ती स्वतःच नको म्हणाली.

डॉक्टरांनी पुढे दोन वर्षांनी एका नर्सशी लग्न केलं. मी अकोल्याच्या बातम्या काढत राहिलो. कबूल करतो, काहीतरी वाईट घडावं, म्हणजे आपण बरोबर ठरू, अशी वाट पाहत होतो. काही घडलं नाही. दोन मुलं झाली, शिकली. दवाखाना चांगला चालला.

सुमन हेडमास्तरीण होऊन रिटायर झाली. ती आणि मी एकाच घरात म्हातारे झालो. गेल्या वर्षी एका दुपारी ती भाजी निवडत होती आणि मान वर न करता म्हणाली, "दादा, त्या दिवशी काट्यावर किती भरलं होतं? आता तरी खरं सांग."

पस्तीस वर्षांनी मी आकडा सांगितला. मला वाटलं ती घाबरेल, नाही तर हसेल. ती मेथीची पानं खुडत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळी ते फोटोतली बाई आपल्या गल्लीतूनच येऊन बसली होती. आधी मी घाबरली. मंग तिनं माहा हात धरला. बाळंतपणात बाई धरते ना, तसा घट्ट. बोलली काईच नाही. अकोल्याले उतरताना सोडला, निघताना अखीन धरला. ते मले आपल्या घरी न्याले आली होती, दादा. मी तिले मनातल्या मनात हो म्हणून देल्लं होतं."

भाजी निवडून ती आत निघून गेली.

काय होतं ते? ज्या गाडीत ती बाई कधी बसली नाही तिच्यात ती कशी आली, काट्यावर वजन कसं भरलं, सुमन उतरताच ते कुठं गेलं... मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचत असेल तर जरूर कळवा, मी वाचीन, अर्थात शंका घेतच वाचीन. पण त्या संध्याकाळी मी सुमनला चार वेळा गाडीतून उतरवलं आणि चार वेळा बसवलं, आणि एकदाही विचारलं नाही की तुला काय वाटतं. त्याचं कारण मात्र मला माहीत आहे. मला ते सुचलंच नव्हतं.