आई फक्त दात घासते

"आमच्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत," असं माझ्या नवऱ्याने आयर्लंडमधल्या आमच्या नावन गावच्या डेंटिस्टला मान ताठ करून सांगितलं. ते खरंच होतं. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. त्या मिश्री लावत.

साताऱ्याकडच्या गावाहून त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मिश्रीची डबी साड्यांच्या घडीत होती. ती संपल्यावर सोबत आणलेली तंबाखू त्यांनी माझ्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. शेजारीण धावत आली. नवऱ्याने दारातूनच "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत सगळं ठीक, म्हणत तिला वाटेला लावलं. रोज सकाळी तासभर त्यांच्या तोंडात ती काळी पूड असायची आणि तोवर आमचं बोलणं हुंकारांवर चालायचं. कुणी तंबाखू म्हटलं की त्या भडकायच्या. "मी काय तंबाकू खाती व्हय गं? दात घासती!" तंबाखू म्हणजे पुरुषांनी हातावर मळायची ती. मिश्री त्यांच्या आईने लावली, सासूने लावली, दात दुखू नयेत म्हणून.

नवऱ्याचं शास्त्र वेगळं. पुण्यात त्याने कधी सिगारेट ओढली नव्हती. इकडे लिक्सलिपला नोकरी लागली आणि ऑफिसमागच्या शेडमध्ये चार जणांबरोबर उभं राहायला शिकला. "अगं, खरं सगळं स्मोक ब्रेकमध्येच ठरतं, मीटिंगमध्ये नुसतं अनाउन्स करतात," असं तो मला समजवायचा. शिवाय हाताने वळलेली सिगारेट म्हणे कमी घातक असते. त्याच्या जॅकेटला वास आला तेव्हा सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं, रात्री जेवल्या नाहीत, आणि सकाळी उठून मिश्रीची डबी उघडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

मग आमटी त्यांच्या तोंडाला झोंबायला लागली. ओठ उलटून पाहिला तर आत पांढरा, जाडसर चट्टा. मी डेंटिस्टची वेळ घेतली.

डेंटिस्टने सिगारेटबद्दल विचारलं, त्याचं उत्तर नवऱ्याने दिलं. दारूबद्दल विचारलं, तेव्हा सासूबाईंनी कानांना हात लावले. "मग एखादा दात ओठाला आतून घासत असेल," म्हणत ती हातमोजे काढायला लागली. नवरा उठलासुद्धा. त्याच्या लेखी तो खोटं बोललाच नव्हता, विचारलं तेवढं सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला राहवेना. मी सांगितलं की या रोज सकाळी भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळतात, लग्नाच्या आधीपासून. डेंटिस्टने नवे हातमोजे घातले आणि पुन्हा दिवा ओढला.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनली ही तिला?"

"तू तंबाखू लावतेस म्हणाली," नवरा रस्त्याकडे बघत म्हणाला.

"परक्या बाईम्होरं?" एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. नवराही घुश्शात होता.

डब्लिनच्या हॉस्पिटलात चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की अजून कॅन्सर नाही, पण हे बंद केलं नाही तर होऊ शकतो. नवऱ्याने या वेळी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. सासूबाईंनी त्याचा हात धरला. "तू तुझी सोड, मी माझी सोडती," त्या म्हणाल्या. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी शिरा केला.

आठवडाही गेला नसेल. सकाळी अलार्म किंचाळला आणि लगेच गप्प झाला. मी खाली आले. सासूबाई तव्यावरची काळी पानं उलथन्याने परतत होत्या. नवरा खुर्चीवर उभा होता, हातात अलार्मची बॅटरी. त्याच्या जॅकेटचा वास मला दारातच आला. त्यांनाही आला असणार, पण त्या तव्याकडेच बघत होत्या.

"बॅटरी लाव," मी म्हणाले.

"लावतो. आधी तिचं होऊ दे."