ढोल आमचे, गुण पाहुण्यांचे

हसू नका. म्हणजे हसाच, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. अर्ध्यावर हसलेलं मला चालत नाही.

मी उभा जन्म पत्रकारितेत काढला. खड्डे, नाले, रखडलेले पूल, पसार झालेले कंत्राटदार. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत असा एक वॉर्ड ऑफिसर नाही, ज्याने माझा फोन आला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगायला लावलेलं नाही. लोक घोळ घालतात आणि मी तो छापते, असा आमचा सरळ व्यवहार. पण मी स्वतः जो घोळ घातला ना, तो कुठल्या वॉर्ड ऑफिसरच्या बापाला जमला नसता. मी भारताला हरवलं! बसल्या जागेवरून! आणि तेही देशप्रेमाच्या भरात!

झालं असं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, सी विंगमध्ये, परब राहतात. त्यांची सिद्धी म्हणजे ताडाचं झाड. जिन्यातला बल्ब गेला की आम्ही इलेक्ट्रिशियनला नाही, सिद्धीला हाक मारतो. स्टूल लागत नाही. तर ही सिद्धी भारताच्या युवा मुलींच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा कुठे? चक्क अंधेरीत!

पहिल्या सामन्याला मी गेले. भलंमोठं बंदिस्त स्टेडियम, चकाचक लाकडी कोर्ट, आणि प्रेक्षक? मी, काही पालक, आणि एसी दुरुस्त करायला आलेली दोन माणसं. मुली झकास खेळल्या, जिंकल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात तीन ओळी. आणि त्यांच्या डोक्यावर काय? एका क्रिकेटपटूने काल सराव केला नाही, याची तीन कॉलमी बातमी. फोटोसकट! सराव न केल्याचा फोटो कसा काढतात हो?

मी तडक क्रीडा संपादक दिघ्यांकडे गेले आणि त्यांच्या टेबलावर पेपर आपटला.

"दिघे, लाज वाटते का?"

"नीलाताई, बसा. चहा घ्या. लोक बघायलाच येत नाहीत, मी छापू कुणासाठी?"

"तुम्ही छापत नाही म्हणून लोक येत नाहीत!"

"लोक येत नाहीत म्हणून मी छापत नाही."

"बरं. गुरुवारच्या सामन्याला मी आणते लोक. मग?"

"मग पाव पान देतो. बातमी मात्र तुम्हीच लिहा. माझी सगळी माणसं क्रिकेटला आहेत."

गुरुवारचा सामना साधासुधा नव्हता. जिंकलं तर उपांत्य फेरी, हरलं तर खालच्या क्रमांकांसाठी खेळत बसायचं. सिद्धी संघाबरोबर हॉटेलात होती. तिथून तिचा मला फोन आला. "मावशी, मला सेमी खेळायचीय. घरच्या कोर्टवर परत कधी चान्स मिळणार गं?" पोरीचा आवाज असा होता की मी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा बोलावली.

आमच्या सोसायटीचं महिला ढोल पथक आहे. गणपतीत आणि पाडव्याला वाजवतो. उरलेलं वर्ष शेजारच्या सोसायटीच्या तक्रारींना उत्तरं देतो. पथकाच्या म्होरक्या म्हणजे सिद्धीच्या आई, परब वहिनी. मूळच्या मालवणकडच्या, हाताला असा जोर की त्यांनी टिपरू मारलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काचा 'आले, आले' म्हणतात.

"माझा चेडू इंडियासाठी खेळता, आणि मी घरात बसान काय करू?" वहिनींनी कंबरेला पदर खोचला. "चला गो सगळ्या!"

बस ठरली, फेटे बांधले, आणि ढोल घेऊन आम्ही अंधेरीत दाखल झालो. गेटवर स्वयंसेविकेने आमच्या शिट्ट्या काढून घेतल्या.

"ढोल चालेल, शिट्टी नाही. खेळाडूंना रेफरीची शिट्टी वाटते, त्यांचं लक्ष जातं."

"लक्ष जातं? शिट्टीने?" मी तिच्यावर डाफरले. "आणि ढोलाने काय झोप लागते?"

बघा, उत्तर माझ्याच तोंडात होतं. पण मी ते प्रश्न म्हणून वापरलं. पत्रकारांचं हे असंच होतं.

आता फ्री थ्रो म्हणजे काय, ते आधी सांगते. समोरच्या मुलीने धक्का दिला की रेफरी आपल्याला मोकळा नेम देतो. रेषेवर उभं राहायचं आणि बॉल बास्केटमध्ये टाकायचा. अडवायला कुणी नाही. हे सगळं मी आदल्या दिवशी वाचून आले होते. त्या वेळी प्रेक्षकांनी काय करायचं हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. मग मी ठरवलं. मी नाही तर कोण ठरवणार?

"ऐका गं! आपली मुलगी त्या रेषेवर उभी राहिली की तिला एकटं वाटता कामा नये. धडाधड ढोल! आणि पाहुण्या मुली नेम धरतील तेव्हा चिडीचूप. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. मुंबईच्या लोकांना रीत नाही असं कुणी म्हणायला नको."

परब वहिनी जरा घुटमळल्या. "ताई, सिद्धी घरात अभ्यासाक बसली की मी मिक्सरसुद्धा लावणंय नाय..."

"वहिनी, मिक्सरने कधी कुणाचा उत्साह वाढलाय का? ढोल वेगळा!"

सामना सुरू झाला. काय खेळल्या पोरी! पाहुण्या कुठल्या देशाच्या ते सांगत नाही. उगाच त्यांच्या दूतावासातून माझ्या सत्काराचं आमंत्रण यायचं. थोड्या वेळाने सिद्धीला धक्का लागला, शिट्टी वाजली, ती रेषेवर आली. मी हात वर केला आणि पथक सुटलं! छप्पर हललं हो! सिद्धीने बॉल टाकला. तो रिंगच्या कडेला आपटून बाहेर.

तिने आमच्याकडे वळून पाहिलं आणि दोन्ही तळवे खाली दाबून खुणावलं.

"काय म्हणता ती?" वहिनींनी विचारलं.

"खाली बसा म्हणतेय. मागच्यांना दिसत नसेल. बसून वाजवा!"

आम्ही बसलो. बसल्यावर कंबरेला ताण नाही, ढोल मांडीवर, त्यामुळे जोर दुप्पट. दुसरा बॉल रिंगलासुद्धा लागला नाही.

मग पाहुण्यांची पाळी. मी ओठांवर बोट ठेवलं. एवढी शांतता, एवढी शांतता की शोकसभेत नसते! मागे एका आजोबांनी घसा खाकरला, तर त्यांना असा डोळा दाखवला की बिचाऱ्यांनी खोकला गिळला. पाहुण्या मुलीने सावकाश श्वास घेतला, बॉल आपटला, टाकला. आत. दुसरा? तोही आत. तिने आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवला, मान लववली. माझे डोळे पाणावले. म्हटलं, याला म्हणतात खिलाडूवृत्ती!

पुढे तर एक अजब प्रकार सुरू झाला. पाहुण्या मुली आमच्या मुलींना मुद्दाम धक्के मारायला लागल्या. अंगावर येऊन, हसत हसत! बॉल आपल्या मुलीच्या हातात आला रे आला की धक्का, शिट्टी, फ्री थ्रो. आणि आमचा ढोल. आणि बॉल बाहेर. मी रेफरीच्या नावाने ओरडून घसा बसवला. अन्याय दिसला की मला राहवत नाही. फक्त अन्याय नेमका कोण करतंय, हे या वेळी दिसलं नाही.

पाहुण्यांचा मॅनेजर मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता. मी फेटा सरळ केला.

शेवटी काय अवस्था? भारत एका गुणाने मागे, घड्याळात जेमतेम काही सेकंद, आणि सिद्धी रेषेवर. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर पोरगी उपांत्य फेरीत! तिने आमच्याकडे पाहिलं. हात जोडले.

"बघा, नमस्कार करतेय आईला," मी वहिनींना म्हटलं. "आता हातचं राखू नका!"

परब वहिनींनी काहीही राखलं नाही. लेकीसाठी जिवाच्या आकांताने वाजवला त्यांनी ढोल. पहिला बॉल बाहेर. दुसरा रिंगवर फिरला, फिरला, फिरला आणि बाहेर.

संपलं. सिद्धीने जर्सीत तोंड लपवलं. वहिनींच्या हातातलं टिपरू गळून पडलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे मोबाइलवर बातमी लिहिली आणि दिघ्यांना पाठवली. 'समोर अडवायला कुणी नसताना बास्केट होत नाही? प्रशिक्षक काय शिकवतात? घरच्या प्रेक्षकांनी जिवाचं रान केलं, त्यांच्या तोंडाला पानं पुसणारा कोण? त्याचं नाव जाहीर झालंच पाहिजे!' अशी जळजळीत बातमी मी कित्येक वर्षांत लिहिली नव्हती.

इतक्यात पाहुण्यांचा मॅनेजर पायऱ्या चढून वर आला. हसरा चेहरा. त्याने प्रत्येकीच्या फेट्याला आपल्या देशाचा छोटा बिल्ला लावला, माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि इंग्रजीत विचारलं, "सेमीफायनललाही याल ना? प्लीज. सगळ्या या."

मी वहिनींना म्हटलं, "पाहा. परक्यांना किंमत असते."

मग मी पत्रकार परिषदेत गेले. टेबलामागे भारताचे प्रशिक्षक बसलेले, शेजारी सिद्धी, डोळे लाल. प्रशिक्षक केरळचे. हिंदीत बोलत होते, मी आपलं मराठीत सांगते. पहिला प्रश्न अर्थात माझा.

"तुमच्या मुलींना साधा फ्री थ्रो येत नाही, याची जबाबदारी कोण घेणार?"

प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही मुलगी सरावात फ्री थ्रो सहसा चुकवतच नाही."

"मग आज काय झालं?"

"आज तो ढोल झाला."

मी वहीत 'ढोल' लिहिलं आणि लगेच खोडलं.

"जगात कुठेही जा," ते म्हणाले, "आपली खेळाडू रेषेवर असली की घरचे प्रेक्षक श्वास रोखतात, आणि समोरची असली की आरडाओरडा करून तिचं लक्ष उडवतात. आज नेमकं उलटं. आमच्या वेळी ढोल, त्यांच्या वेळी शांतता. एकदासुद्धा चूक नाही! असा नेमकेपणा आपोआप येत नाही मॅडम. समोरच्यांनीच ते पथक भाड्याने आणलं असणार. तुम्ही शोधपत्रकार आहात ना? छडा लावा. त्या बाईला सोडू नका."

"बा... बाई?" मी विचारलं.

"हो, एक बाई हात वर करून इशारे देत होती. लांबून चेहरा दिसला नाही. फेटा होता."

सगळ्या पत्रकारांनी माझ्याकडे पाहिलं. फेटा माझ्या डोक्यावरच होता. वर पाहुण्यांचा बिल्ला. सिद्धी खाली मान घालून टेबलावरची पाण्याची बाटली गोल गोल फिरवत होती.

बाहेर येऊन मी दिघ्यांना फोन लावला.

"बातमी थांबवा."

"काय बोलताय! पहिल्या पानावर घेतोय! 'त्याचं नाव जाहीर झालंच पाहिजे', वा! नाव कळलं का?"

"कळलं."

"मग सांगा की!"

"पुरावा कच्चा आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा! "साध्या तीन ओळी घ्या."

"आणि एवढी जागा कशाने भरू?"

"त्या तुमच्या क्रिकेटपटूने आज सराव केला का?"

"केला."

"मग तेच छापा."

बसपाशी परब वहिनी ढोलावर डोकं टेकून बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मिक्सर, ताई. मी तुमका मिक्सराचा सांगितलंय."

तेवढ्यात सिद्धी आली, खांद्याला बॅग लावून. मी म्हटलं, "सिद्धी, बाळा, मी..."

"राहू दे गं मावशी." तिने आधी आईचे डोळे पुसले. मग माझ्याकडे वळली. "शनिवारी आमची अजून एक मॅच आहे. निदान ती तरी जिंकायचीय मला. याल?"

एवढं होऊनही पोरगी बोलावतेय! "येऊ आम्ही? खरंच?"

"या ना. आईला आण, ढोल आण, सगळ्यांना आण. कधी वाजवायचं ते मी आईला सांगते."

"आणि मी गं? मी काय करू?"

"तू समोरच्या टीमच्या पब्लिकमध्ये बस," सिद्धी म्हणाली. "आणि त्यांना सगळं नीट समजावून सांग."

बसले. आपण जिंकलो.